उइदाचा सूर : अँजेलिक किजो यांच्या गायनाविषयी

‘वर्ल्ड म्युझिक’ ही संज्ञा बाजारात रूढ झाली ती कोणा संगीतज्ञामुळे नव्हे. १९८७ साली लंडनमध्ये काही छोट्या ध्वनिमुद्रण कंपन्यांचे चालक एकत्र बसले आणि युरोप-अमेरिकेबाहेरच्या संगीताच्या तबकड्या दुकानातील कोणत्या फळीवर ठेवाव्यात, ह्या विवंचनेतून त्यांनी हे नाव रूढ केले. फळीची सोय झाली. परंतु रसिकांना एक वाईट खोडही जडली. आफ्रिकेचा गायक नुसत्या ढोलांवर गायला तर तो ‘अस्सल’, आणि गिटार व कीबोर्डच्या साथीने गायला तर तो ‘बाटला’! हा शब्द आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. तो किती उथळपणे उच्चारला जातो हे आपल्याला निराळे सांगावयास नको. अँजेलिक किजो यांच्या गायनाचा विचार करताना तो आधी बाजूला सारावा लागतो.

किजो यांचा जन्म १९६० सालचा, पश्चिम आफ्रिकेतील दाहोमे देश फ्रेंचांपासून स्वतंत्र होण्याच्या अवघे काही दिवस आधीचा. पुढे १९७५ साली ह्या देशाचे नाव बेनिन झाले. वडील फॉन जमातीचे, आई योरुबा आणि नाट्यकलेत रमलेली. केरेकू यांच्या मार्क्सवादी राजवटीत कलावंतांनी सत्तेचे गुणगान करावे असा दबाव वाढू लागला, तेव्हा १९८३ साली त्या पॅरिसला निघून गेल्या आणि तेथे जॅझचे शिक्षण घेऊ लागल्या. पुढे न्यूयॉर्क हे त्यांचे घर झाले. म्हणजे देशांतर हे त्यांच्या बाबतीत हौसेचे नव्हते.

त्यांच्या गायनाचा कणा कोणता? माझ्या मते तो भाषेत आहे. फॉन आणि योरुबा ह्या स्वरप्रधान भाषा होत. शब्दातील अक्षर वरच्या स्वरात उच्चारले की खालच्या, ह्यावर त्याचा अर्थ ठरतो. अशा भाषेतील गाण्याला चाल बाहेरून चिकटविता येत नाही; बोलण्याच्या चढउतारातूनच ती उगवते. त्यामुळे साथीला अमेरिकन फंक असो वा क्यूबाचा साल्सा, किजो फॉनमध्ये गाऊ लागल्या की वरची सुरावट बेनिनचीच राहते आणि साथीच्या वाद्यांना तिच्या मागे यावे लागते. ‘लोगोझो’ (१९९१) आणि ‘आये’ (१९९४) ह्या तबकड्यांत यांत्रिक ठेका कित्येकदा कर्कश वाटतो. त्या काळाची ती फॅशनच होती. तरी आवाज त्या ठेक्याला शरण जात नाही.

१९९८ ते २००४ ह्या काळात त्यांनी तीन तबकड्यांची मालिका केली : ‘ओरेमी’मध्ये अमेरिका, ‘ब्लॅक आयव्हरी सोल’मध्ये ब्राझीलचा बाहिया प्रांत आणि ‘ओयाया’मध्ये कॅरिबियन बेटे. ह्यामागचा धागा गुलामांच्या जहाजांचा आहे. उइदा बंदरातून, इतिहासकारांच्या अंदाजाने, दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार विकली गेली. त्यांच्याबरोबर गेलेले ताल तिकडे साम्बा, रुम्बा, ब्लूज अशा नावांनी वाढले. तेव्हा किजो बाहियाचे संगीत घेतात ते परक्याचे घेतात असे कसे म्हणावे?

येथे श्रद्धावंत वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहील व तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ह्या गीतांत योरुबांची समुद्रदेवता येमांजा येते. बाहियातील गुलामांनी आपली दैवते संतांच्या प्रतिमांमागे दडविली आणि येमांजाला पवित्र मरियेच्या रूपात पाहिले. उइदा गावातच निष्कलंक गर्भसंभव मरियेचे महामंदिर आणि अजगरांचे देऊळ एकाच चौकात समोरासमोर आहेत. देवमातेची व समुद्रदेवतेची अशी सरमिसळ मला मान्य नाही आणि हे गीत मी उपासनेत कधीही येऊ देणार नाही. परंतु त्या दैवतांची नावे जहाजाच्या तळघरात साखळदंडांनी बांधलेल्या माणसांनी जपली होती, आणि त्यांना बांधणारे हात पुष्कळदा बाप्तिस्मा घेतलेले होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली सेनेगलच्या गोरे बेटावर त्या पापाची क्षमा मागितली आणि पुढच्याच वर्षी बेनिनमध्ये वोडुन धर्माच्या प्रमुखांची आदराने भेट घेतली. ते गाणे निदान ऐकून तरी घेणे, हे आपल्यावरचे ऋण आहे.

सर्वच प्रयोग साधले आहेत असे नाही. ‘जिन जिन’ (२००७) ह्या तबकडीला ग्रॅमी पारितोषिक लाभले. मला ती त्यांच्या दुबळ्या कृतींपैकी एक वाटते. पीटर गॅब्रिएल, अलिशिया कीज, सांताना... नामवंत पाहुण्यांची एवढी दाटी की यजमानीणच अंग चोरून उभी! ह्याउलट ‘ईव्ह’ (२०१४) ऐकावी. बायबलमधील आदिमाता एवा हिचे नाव धारण करणाऱ्या ह्या तबकडीसाठी किजो बेनिन व केनियातील स्त्रियांच्या गायनवृंदांकडे गेल्या. त्यांचे समूहस्वर मध्यभागी आहेत, आणि क्रोनोस क्वार्टेटसारखा ख्यातनाम तंतुवाद्यवृंद एका गीतात त्यांच्या आधाराला उभा आहे.

सर्वांत धीट कृती म्हणजे ‘रिमेन इन लाइट’ (२०१८). ह्याच नावाची मूळ तबकडी न्यूयॉर्कच्या टॉकिंग हेड्स ह्या गोऱ्या रॉकवृंदाची, १९८० सालची. नायजेरियाच्या फेला कुटी यांच्या संगीताचा तिच्यावर उघड प्रभाव आहे. पॅरिसला नव्यानेच आलेल्या किजो यांनी त्यातील एक गीत ऐकले आणि हे तर आफ्रिकेचे संगीत, असे त्या म्हणाल्या. भोवतालच्या मंडळींनी हसून सांगितले की हे रॉक आहे, एवढे प्रगल्भ संगीत आफ्रिकेचे कसे असेल? जवळजवळ साडेतीन दशकांनी किजो यांनी ती तबकडीच्या तबकडी पुन्हा गायली. ढोल वाजवायला फेलांचेच जुने साथीदार टोनी ॲलन काही गीतांत बसले. मूळ कृतीत डेव्हिड बर्न यांचा आवाज भेदरलेल्या शहरी माणसाचा आहे; शब्द तुटक, जणू झोपेत बरळल्यासारखे. किजो त्याच शब्दांभोवती आपल्या भाषांतील ललकाऱ्या गुंफतात, आणि एकट्याचे बरळणे गावाच्या चौकातले प्रश्नोत्तर होऊन जाते. मूळ कलावंतांविषयी कडवटपणा कोठेही नाही. वस्तू उसनी गेली होती. ती त्यांनी घरी आणली, तीही वापरून अधिक सुरेख करून.

आपल्याकडील रसिकांनी ‘ओयो’ (२०१०) ही तबकडीही मिळवून ऐकावी. बालपणी कानांवर पडलेली गाणी किजो यांनी तीत एकत्र केली आहेत आणि त्यांत मेहबूब खान यांच्या ‘आन’ (१९५२) चित्रपटातील, नौशाद यांनी स्वरबद्ध केलेले महंमद रफींचे एक गीत आहे. मुंबईचे चित्रपट त्या काळी बेनिनच्या पडद्यांवरही पोहोचत असत. हिंदी ही किजो यांची भाषा नव्हे, हे कानाला लगेच कळते. तरीही त्यांनी रफींची नक्कल केलेली नाही; रफी जेथे लडिवाळपणे वळतात तेथे त्या ठणकावून गातात. घरात ‘आन’ पाहिलेले आजोबा असतील तर त्यांनाही ऐकायला सोबत बसवावे. चाल ते पहिल्या ओळीलाच ओळखतील.