मागे जाता येते का?

कोणत्याही कलाप्रकारात क्रम लावणे हा टीकेतला सर्वांत हलका उद्योग समजला जातो. आणि तरीही त्याचा मोह टाळणारा टीकाकार विरळाच. नाटककारांत श्रेष्ठ कोण, संतांत कवी म्हणून थोर कोण, हे वाद आपल्याकडे मोठ्या हिरिरीने झाले. त्यांतून क्रम कधी ठरला नाही, पण वादी-प्रतिवादींना श्रेष्ठ कशाला म्हणावयाचे हे सांगणे भाग पडले, आणि तोच त्या वादांचा खरा लाभ. प्रस्तुत लेखात मी असाच एक क्रम लावणार आहे. विषय मात्र दिवाळी अंकाच्या नेहमीच्या वाचकाला थोडा चमत्कारिक वाटेल. जपानातील क्योतो शहरच्या निन्टेन्डो या कंपनीने व्हिडिओ गेमच्या ज्या मालिका वर्षानुवर्षे चालवल्या, त्यांत श्रेष्ठ कोणती, हा तो विषय.

हा विषय वाङ्मयीन नाही, हा आक्षेप मी आधीच मान्य करतो. परंतु ज्या गोष्टीने दोन-तीन पिढ्यांच्या बालपणाला घाट दिला, तिच्याकडे टीकाकाराने पाठ फिरवावी, असे मला वाटत नाही. १८८९ साली पत्ते तयार करणारी म्हणून निघालेली ही कंपनी १९८३ मध्ये घरच्या दूरदर्शन संचाला जोडावयाचे यंत्र घेऊन बाजारात आली, आणि १९८५ च्या सप्टेंबरात तिने 'सुपर मारिओ ब्रदर्स' काढला. रेणापूरला आमच्या घरी तो पोचला तो सहा-सात वर्षांनी, आणि तोही आडवाटेने. मुंबईच्या मामांनी आणलेले यंत्र मूळ यंत्राची नक्कल होते. कॅसेटवर (आम्ही तिला कॅसेटच म्हणत असू) ना कर्त्याचे नाव होते, ना मालकाचे. त्याच कॅसेटवर 'कॉन्ट्रा'ही होता. तो कोनामी या वेगळ्याच कंपनीचा, हे मला पुष्कळ उशिरा कळले. आज क्रम लावताना तो बाजूला काढावा लागतो. त्या वेळी आमच्या लेखी सगळे एकाच घरचे होते.

मारिओच्या खेळाचा आस्वाद घ्यावयाचा तर त्याच्या उडीपासून सुरुवात केली पाहिजे. बटण जितका वेळ दाबून धरावे तितकी उडी उंच जाते, आणि हवेत असतानाही माणसाला थोडे इकडेतिकडे वळवता येते. एवढ्या एका गोष्टीवर बत्तीस टप्प्यांची इमारत उभी आहे. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम मांडले. या खेळात ते तिन्ही बोटांना जाणवतात. एकसारख्या खड्ड्यांवरून एकसारख्या उड्या हा संवाद. अचानक समोर आलेले कासव हा विरोध. आणि अरुंद विटेवर टेकता टेकता सावरलेला तोल हा अक्षरशः समतोल. पहिल्या टप्प्याची रचना तर आदर्श प्रस्तावनेसारखी आहे. पहिला शत्रू सरळ चालत येतो. उडी मारावी लागते हे तो मरून किंवा मारून शिकवतो. डोक्यावरची वीट फोडली की मश्रूम निघतो, घरंगळत जातो, हिरव्या नळावर आपटतो आणि आपल्याकडेच परत येतो. वाचता न येणाऱ्या मुलालाही सूचनेचा एक शब्द न सांगता खेळ कळतो. आशय आणि घाट यांची इतकी एकजीव सांगड मला फार थोड्या ठिकाणी आढळली आहे.

हे सर्व मान्य करूनही या खेळात एक उणीव आहे. ती मला एका मुलीने दाखवली. तो प्रसंग सांगितल्यावाचून माझा निकष वाचकाला कळणार नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. रेणापूर तेथून दूर, लातूरच्याही पलीकडे. तरी भिंतींना तडे गेले आणि घराच्या आत झोपावयाची कोणाची छाती होईना. औसा तालुक्यातले आमच्या आत्याचे घर पडले. आत्या त्यातच गेली. तिची मुलगी माझ्याच वयाची, अकरा वर्षांची. तिला वडिलांनी आमच्याकडे आणले. कितीतरी दिवस आम्ही सगळे अंगणात होतो. यंत्र आत माळवदाखाली पडलेले. तेव्हा माझ्या थोरल्या भावाने तो खेळ अंगणात मांडला. विटा ठेवल्या, पत्र्याचा डबा उपडा घालून नळ केला, चुलतभावाला कासव केले. मश्रूम म्हणून गुळाचा खडा. ज्याच्या तोंडात गूळ, त्याला एक चूक माफ. आतेबहीण पहिले दोन दिवस नुसती बघत बसली. तिसऱ्या दिवशी उठली आणि आमच्या सगळ्यांपेक्षा लांब उडी मारू लागली. यंत्र न पाहताच ती मारिओ शिकली. दिवे गेल्यावर, यंत्र बंद पडल्यावरही जो खेळ अंगणात उरतो तो खरा खेळ, ही माझी पहिली कसोटी त्या दिवसांतली आहे.

महिन्याभराने टीव्ही ओसरीवर आला. भावाने तिच्या हाती रिमोट दिला. पहिला शत्रू, पहिला नळ, पहिला खड्डा तिने न अडखळता ओलांडले. सगळे तिच्या पायांना ठाऊकच होते. मग ती थांबली. वाटेत एक वीट फोडावयाची राहिली होती. ती मागे वळली आणि पडद्याच्या डाव्या कडेला अडकली.

"मागं जाता येत नाही का?" तिने विचारले.

"नाही. पडदा सरकला की सरकला," भाऊ म्हणाला.

"आपल्या अंगणात तर येत होतं."

तिने रिमोट खाली ठेवला. त्यानंतर तो तिने पुन्हा हातात घेतल्याचे मला आठवत नाही.

हा बालिश हट्ट नव्हता. त्या खेळाची डावी कड ही खरोखरच एक भिंत आहे. ती खेळणाऱ्याच्या पाठोपाठ सरकते आणि झाले गेले पुसून टाकते. वरून घड्याळ चालूच. पुढे जाण्याचा आनंद या खेळाने जितक्या शुद्ध स्वरूपात दिला तितका क्वचितच कोणी दिला असेल. पण ती शुद्धता मागचे सर्व नाहीसे करून मिळवलेली आहे. म्हणून माझा दुसरा निकष असा : मालिकेला मागे जाण्याचा अर्थ कळला आहे काय? मालिका म्हणजे एकाच गोष्टीकडे पुन्हा पुन्हा येणे. ते येणे केवळ सवयीचे आहे की त्यातून काही नवे कळते, यावर तिचे मोल ठरावे.

या निकषावर 'पोकेमॉन'ला मी पाचवी जागा देतो. त्याची मालकीही निन्टेन्डोची एकटीची नाही, तीन कंपन्यांची आहे. पण मी तो याच घरचा धरतो. १९९६ साली सातोशी ताजिरी यांनी आपल्या लहानपणच्या किडे पकडण्याच्या छंदातून हा खेळ उभा केला. पहिल्या पावसानंतर मखमली लाल मृगाचे किडे काड्यापेटीत ठेवून ते मित्राशी बदलून घेणाऱ्या आमच्या मुलांना तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अंगणाची कसोटी तो सहज उतरतो. परंतु लहान गावातून निघालेले मूल, वाटेतले आठ आखाडे आणि शेवटी अजिंक्यपद, ही कथा त्याने इतक्या वर्षांत फारच थोडी बदलली. कीर्तनकार तेच आख्यान लावतो, पण समोरचा श्रोता बघून. येथे आख्यान तेच आहे आणि स्वरही पुष्कळसा तोच.

चौथी जागा 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग'ची. नोकरीसाठी क्योतोला आल्यावर घरच्यांपासून दूर पडलेल्या कात्सुया एगुची यांना जो एकटेपणा जाणवला त्यातून हा खेळ निघाला, आणि २००१ मध्ये जपानात आला. यात जिंकणे नाही. एक गाव आहे, आणि ते खऱ्या घड्याळाप्रमाणे चालते. आपण महिनाभर फिरकलो नाही तर तण माजते आणि शेजारी विचारतात, होता कुठे? २०२० च्या मार्चमध्ये, जग घरात कोंडले जात असतानाच, त्याचा नवा भाग आला आणि लक्षावधी लोक त्या गावात राहावयास गेले. परत येण्याला अर्थ आहे हे या खेळाला कळते. पण येथले दुःख फार सौम्य आहे. तण उपटले की गाव पहिल्यासारखे होते. भूकंपानंतर नव्या जागी, सरळ रेषांत वसवलेली गावे ज्याने पाहिली आहेत, त्याला हे इतके सोपे वाटणार नाही.

तिसरी 'मेट्रॉइड'. तिला एवढ्या वर बसवल्याचे काहींना नवल वाटेल, कारण खपाच्या आणि कीर्तीच्या मानाने ती धाकटी आहे. पण पाहा : मारिओनंतर अवघ्या एका वर्षाने, १९८६ मध्ये, त्याच कंपनीने जो खेळ काढला त्यात पहिलीच आवश्यक वस्तू डावीकडे ठेवली आहे. मारिओच्या सवयीने उजवीकडे धावणारा थोड्याच वेळात अडतो; त्याला मागे वळावे लागते. पुढेही हा सगळा खेळ परत येण्याचा आहे. काल जे दार उघडले नाही ते आज नव्या सामर्थ्याने उघडते. जागा तीच, आपण बदललेलो. उणीव एकच, की त्या भुयारांत बहुधा माणूस भेटत नाही. परत यावयाचे ते कोणाकडे, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

राहिले दोघे. तीस वर्षे माझ्या मनात मारिओ पहिला होता, आणि त्याच्या बाजूने बोलावयाचे तर पुष्कळ बोलता येईल. त्याच्या मालिकेने आपली उणीव स्वतःच ओळखली. १९८८ च्या तिसऱ्या भागात टप्प्यामध्ये मागे वळता येऊ लागले. १९९० च्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये संपलेल्या टप्प्यावर परत जाता आले. आणि १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४'मध्ये ती भिंतच गेली, चहूदिशा मोकळ्या झाल्या. पहिल्या कृतीतील दोषाला पुढच्या कृतींनी दिलेले इतके प्रदीर्घ आणि प्रामाणिक उत्तर दुसऱ्या मालिकेत सापडणे कठीण. तरीही ते उत्तर सोयीचे आहे. मागे जाता येते. पण गेल्यावर काय दिसते, हे मारिओ विचारत नाही.

ते 'झेल्डा' विचारतो. शिगेरू मियामोतो यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारिओ आणि झेल्डा जवळजवळ एकाच वेळी घडवले. एक रेषेसारखा, दुसरा रानासारखा. १९८६ च्या पहिल्या भागातच कोणत्याही दिशेने जावे आणि परत यावे अशी मुभा होती. १९९८ च्या 'ओकारिना ऑफ टाइम'मध्ये एक मुलगा दगडातली तलवार उपसतो आणि सात वर्षांनी जागा होतो. देवळाबाहेर येतो तो काल गजबजलेला बाजार ओसाड पडलेला. तलवार परत ठेवली की तो बालपणात जाऊ शकतो. बाजार पुन्हा गजबजलेला असतो. पण आता त्या गर्दीत उभे राहणे आपल्याला पूर्वीसारखे जमत नाही. दोन वर्षांनी आलेल्या 'माजोराज मास्क'मध्ये आकाशातला चंद्र गावावर कोसळावयास तीनच दिवस उरले आहेत. कोसळण्यापूर्वी पुन्हा पहिल्या दिवशी परतता येते. मात्र ज्यांची दुःखे आपण दूर केली, त्यांना त्यांतले काहीच आठवत नाही. आपल्या हाती त्यांनी दिलेले मुखवटे तेवढे उरतात. मागे जाता येणे ही येथे सोय राहत नाही, तो आशय होतो. २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ने ही मालिका पुन्हा आपल्या पहिल्या मोकळ्या रानात आणली, आणि ते रान उद्ध्वस्त राज्याच्या अवशेषांनी भरलेले आहे, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

गेल्या दिवाळीत आतेबहिणीच्या घरी गेलो होतो. ती नव्या जागेवरच्या गावात राहते. तिच्या मुलाला मी तो तीन दिवसांचा खेळ दाखवत होतो. ती निवडायला घेतलेले तांदूळ घेऊन शेजारी बसली. चंद्र खाली आला, मी बासरी वाजवली, पहिला दिवस पुन्हा उजाडला.

"येतंय की मागं जाता," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "त्या माणसायला आठवतं का काही?"

"नाही."

"मंग ह्यालाच ध्यानात ठेवावं लागत असंल सगळं."

मुलाने रिमोट मागितला आणि आमचे बोलणे तिथेच राहिले.

तेव्हा माझा क्रम असा : झेल्डा, मारिओ, मेट्रॉइड, अ‍ॅनिमल क्रॉसिंग, पोकेमॉन. खपाचा निकष लावणारा तो बदलून टाकील, आणि केवळ उडीची लय पाहणारा मारिओला पुन्हा वर नेईल. त्याच्याशी भांडताना माझा निम्मा जीव त्याच्याच बाजूला असेल. अंगणात तर झेल्डा आम्ही कधी खेळलोच नाही. माझ्या पहिल्या कसोटीला तो उतरेल की नाही, हे आता आजमावताही येणार नाही; ते अंगण राहिलेले नाही. हा क्रम ज्यांना मान्य नसेल त्यांनी आपला लावावा. मात्र त्याआधी, तुमच्या खेळात मागे जाता येते का, आणि गेल्यावर काय भेटते, एवढे त्यांनी सांगावे.