छापलेली वारली आणि काढलेली वारली

मित्रहो, आजचा प्रश्न सोपा आहे. ज्याचं अजून नाव झालेलं नाही अशा चित्रकाराचं मूळ चित्र आपण विकत का घ्यावं? उत्तरासाठी पॅरिसला जायला नको. आपण वसईत बसलोय. विरारहून गाडी पकडली की डहाणू.

वारली चित्रं आपल्याकडे कपावर आहेत, पडद्यावर आहेत, कुर्त्यावर आहेत. ती जरा जवळून बघा. तारप्याच्या तालावर नाचणारी चाळीस माणसं दिसतात, पण माणूस एकच असतो, चाळीस वेळा उमटवलेला. याउलट जिव्या सोमा मशे यांनी काढलेलं मासेमारीचं जाळं घ्या. असंख्य बारीक रेघा, आणि एक रेघ दुसरीसारखी नाही. कुठे हात थबकलाय, कुठे रंग पातळ झालाय. म्हणून ते जाळं पाण्यात हलल्यासारखं वाटतं. यंत्राने तेच जाळं पुन्हापुन्हा उमटवलं की उरते फक्त नक्षी.

आता हे मशे कोण होते? डहाणू तालुक्यातले, गंजाडचे. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक सवाष्णींनी काढायचा, अशी रीत. हा पुरुष मात्र लग्नकार्याची वाट न बघता चित्रं काढत बसायचा. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर गेले, त्यांनी कागद दिला आणि हा हात ओळखला. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत मशे यांची चित्रं लागली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. पद्मश्रीनंतर त्यांना थोर म्हणायला डोळे लागत नाहीत, वर्तमानपत्र पुरतं. १९७५ च्या आधी मात्र डोळेच लागत होते.

कांटने १७९० मध्ये नेमकं हेच सांगितलं. शंभर जण सुंदर म्हणाले म्हणून मला वस्तू सुंदर वाटत नाही. सौंदर्याचा निर्णय उसना घेता येत नाही. नामवंताचं चित्र घेताना आपण बऱ्याचदा दुसऱ्यांचा निर्णय विकत घेतो. नवख्याचं घेताना निर्णय आपला, आणि चुकला तर चूकही आपली. पहिलं कारण हे.

तुम्ही म्हणाल, सर, पुढे किंमत वाढेल की! वाढेलही. २०१५ मध्ये वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र मुंबईच्या लिलावात २९ कोटींच्या वर गेलं. गायतोंडे २००१ मध्येच वारले होते. चित्रकाराला पैसा लागतो तो पुढचं चित्र काढायला, आणि तो आज लागतो. दुसरं कारण हे.

एक कबुली देतो. बऱ्याच वर्षांपूर्वी डहाणूजवळ एका तरुण मुलाने मला चित्राचे पंधराशे सांगितले. मी पेन्शनीतला माणूस, सवयीने घासाघीस केली, हजारात घेतलं आणि खुशीत घरी आलो. दोन वर्षांनी पुन्हा गेलो, तर तो बोईसरला कारखान्यात लागला होता. ‘आता वेळ मिळत नाही, सर,’ म्हणाला. माझ्या पाचशे रुपयांमुळे तो गेला असं मी म्हणत नाही. पण घासाघीस करताना मी कागद आणि रंग मोजले, त्याचे चार दिवस मोजलेच नाहीत. डॉक्टरांच्या फीमध्ये मी कधी घासाघीस केली नाही.

ते चित्र आजही माझ्या टेबलासमोर आहे. भाताची लावणी आहे. एका बाईची पाठ इतरांपेक्षा जास्त वाकलेली आहे, आणि ती त्याने मुद्दाम तशी काढली की हात घसरला, हे मला अजून ठरवता येत नाही. म्हणून रोज बघतो. कपावरच्या वारलीने मला असा एकही प्रश्न विचारलेला नाही.

तेव्हा घ्यायचं असेल तर एकच चित्र घ्या, परवडेल तेवढं. पण काढणाऱ्याशी बोला, त्याचं नाव आणि वर्ष मागे लिहून घ्या, आणि तो सांगेल ती किंमत द्या. नाही परवडलं तर तसं सांगून नमस्कार करा. त्यात कमीपणा नाही.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.