छेदातला मासा

सुरीला पाण्याचा हात लावून जाऊबाई मासवडीच्या पिवळ्या वळकटीचा पहिला काप काढतात आणि ताटात आडवा ठेवतात, तेव्हा आपण क्षणभर नुसते पाहत राहतो. बाहेर बेसनाची हळदुली कड, आत खोबऱ्या-तिळांचा तपकिरी गाभा, आणि कडा जुळवताना बोटांनी जिथे चिमटा बसला तिथे निमुळतं झालेलं टोक. त्या टोकाला शेपटी मानलं की सगळा काप मासा होतो.

आमच्या कडेगावात, सोनहिऱ्याच्या या खोऱ्यात, वडी म्हणजे झुणक्याची. ताटात थापायची, वर खोबरं-कोथिंबीर भुरभुरायची आणि शंकरपाळ्यासारखी कापायची. मासवडी जुन्नरची. जाऊबाई तिकडच्या, म्हणून ती आमच्या चुलीवर आली, तीही श्रावणात, घरात मटण-मासळी बंद असताना.

तिचं सारं वैभव सारणात आहे. सुकं खोबरं किसून मंद आचेवर भाजायचं, तीळ तडतडले की लगेच उतरवायचे, खसखशीला नुसती ऊब द्यायची, आणि कांदा मात्र तेलात इतका वेळ परतायचा की त्यातला पाण्याचा अंश जाऊन उरावा तो केवळ गोडवा. मग लसूण, कोथिंबीर, मीठ, तिखट. हे सारं कुटताना खोबऱ्याला तेल सुटतं, आणि त्या तेलानेच सारण हाताला मऊ लागतं, मुठीत वळतं. इथे घाई करणाऱ्याला वडी कधी वश होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आणि मग ते बेसन! लसूण-मिरचीच्या फोडणीत पाणी उकळायचं, त्यात पीठ वैरायचं, गुठळी राहू न देता घोटायचं आणि झाकण ठेवून दणदणीत वाफ आणायची. ओल्या फडक्यावर तो गरम गोळा थापताना जाऊबाईंची बोटं दर क्षणाला पाण्यात बुडतात, कारण पीठ निवलं तर घडीवर चिरतं आणि फार गरम असलं तर हात भाजतो. या दोहोंच्या मधल्या चार-पाच मिनिटांत सारणाची रेघ ओढायची, फडक्याचं टोक उचलून घडी घालायची आणि कड दाबायची. फडक्याच्या विणीची नाजूक जाळी वडीच्या पाठीवर उमटते; मला ती नेहमी खवल्यांसारखी दिसते.

या वडीला ‘शाकाहारी मासा’ म्हणतात ते मला पटत नाही. आपल्या अलंकारशास्त्राच्या भाषेत सांगायचं, तर हा भ्रांतिमान नव्हे, हे रूपक आहे. मासळीचा वास किंवा चव आणण्याचा इथे कुणी प्रयत्नच करत नाही. आकार तेवढा माशाचा घेतला, चव संपूर्ण आपल्या रानाची ठेवली.

दूर वेल्समध्ये हिची एक बहीण आहे, ग्लॅमर्गन सॉसेज. जॉर्ज बॉरो या इंग्रज लेखकाने १८५४ साली वेल्सची भटकंती केली, आणि १८६२च्या ‘वाइल्ड वेल्स’ या पुस्तकात या सॉसेजची वाखाणणी केली. आज ते मांसाविना होतं: केअरफिली नावाचं भुसभुशीत पांढरं चीज, पावाचा चुरा, मोहरी, अंडं, आणि लीक, म्हणजे आपल्या पातीच्या कांद्याचं जाडजूड भावंड, जे त्या देशाचं मानचिन्हही आहे. हातावर लांबट वळायचं, चुऱ्यात घोळवून तळायचं. दुसऱ्या महायुद्धात मांसावर शिधाबंदी आली, तेव्हा असल्या पदार्थांनी तिथल्या घरांना हात दिला. नाव सॉसेजचं, चव लीकची. इकडे नाव माशाचं, चव तिळा-खोबऱ्याची. समुद्रापलीकडच्या त्या सुगरणीला आमच्या जाऊबाईंची बोटं लगेच ओळखू येतील.

जुन्नरकडे मासवडीशेजारी बाजरीची भाकरी असते; आमच्याकडे शाळूची, आणि रश्श्याला कांदा-लसणाची चटणी. हा बदल जाऊबाईंनी आनंदाने मान्य केला आहे. एकच गोष्ट त्या कुणाला करू देत नाहीत, आणि तुम्हीही करू नका: रस्सा वडीवर ओतू नका. तो वाटीत वेगळा घ्या, वडी त्यात बुडवून खा, म्हणजे ताटातला मासा शेवटच्या घासापर्यंत दिसत राहील.