पुस्तकाचा खप आणि वाचकाची साक्ष

स्वतःच्या खर्चाने पुस्तक छापणारा लेखक आपल्या समाजाला नवा नाही. धर्मग्रामाचा इतिहास, आजीच्या तोंडची गाणी, निवृत्तीनंतर लिहिलेल्या आठवणी, अधूनमधून एखादा कवितासंग्रह, अशी पुस्तके बहुधा लेखकाच्या भविष्यनिर्वाह निधीतूनच जन्माला येतात. धर्मगुरूंच्या हस्ते प्रकाशन होते, आप्तेष्ट प्रती नेतात आणि उरलेले गठ्ठे पलंगाखाली जातात. या गठ्ठ्यांना हल्ली भ्रमणध्वनीच्या रूपाने एक वाट सापडली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर मुखपृष्ठ फिरते, फेसबुकवर उतारे झळकतात. डिसेंबर २०१६ पासून अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तकांचे दालनही उघडले. अशा वेळी ‘आपले पुस्तक आपणच कसे खपवावे’ हे शिकवणाऱ्या साहित्याला मागणी यावी, हे ओघानेच आले. या साहित्यातील एका गाजलेल्या पुस्तकाचा येथे परामर्श घ्यावा, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेतील केंटकी राज्यातले व्यावसायिक जॉन लॉक हे त्याचे कर्ते. रहस्यकथा लिहून त्या ते स्वतःच किंडलवर प्रसिद्ध करीत. जून २०११ मध्ये त्यांच्या ई-पुस्तकांच्या विक्रीने दहा लाखांचा आकडा ओलांडला. स्वप्रकाशित लेखकाने किंडलवर हा टप्पा गाठण्याची ती पहिलीच वेळ. त्याच सुमारास ‘हाऊ आय सोल्ड वन मिलियन ई-बुक्स इन फाइव्ह मन्थ्स’ हे त्यांचे पुस्तक आले आणि होतकरू लेखकांनी ते डोक्यावर घेतले.

प्रथम पुस्तकाचे गुण सांगितले पाहिजेत. लॉक यांची भाषा साधी आहे. आपण वाङ्मयाचे मानकरी आहोत असा आव त्यांनी आणलेला नाही. आपला वाचक कोण हे लिहिण्यापूर्वीच ठरवावे, त्याच्या पत्राला स्वतः उत्तर द्यावे, त्याला गिऱ्हाईक न मानता स्नेही मानावे, हा त्यांचा उपदेश कोणीही शिरोधार्य मानावा. किंमत ठेवली अवघी नव्व्याण्णव सेंट. त्यातले पस्तीस टक्के, म्हणजे प्रतीमागे पस्तीस सेंटच लेखकाच्या हाती पडत. नामवंतांचे पुस्तक दहापट किमतीला विकले जात असेल, तर ते दहापट चांगले आहे हे त्यांनी सिद्ध करावे, असा या किमतीमागचा युक्तिवाद होता. त्यात एक दुकानदारी रोखठोकपणा आहे आणि तो आम्हांस आवडतो.

अडचण सुरू होते ती ज्याला त्यांनी ‘निष्ठेचे हस्तांतर’ अशा अर्थाचे नाव दिले आहे, त्या युक्तीपाशी. लॉक यांनी आपली आई आणि फुटबॉलचे ख्यातनाम प्रशिक्षक जो पॅटर्नो यांच्याविषयी एक भावपूर्ण ब्लॉग लिहिला. मग ट्विटरवर (२०२३ पासूनचे एक्स) पॅटर्नो यांचे चाहते शोधून त्यांच्यापर्यंत तो पोचवला. प्रशिक्षकावरचे प्रेम लेखकाकडे वळावे आणि लेखकाकडून त्याच्या पुस्तकांकडे यावे, अशी ही योजना होती. ती सफल झाली. परंतु नोव्हेंबर २०११ मध्ये, एका सहकाऱ्याच्या बालशोषणाच्या प्रकरणाची गंभीर दखल न घेतल्याचा ठपका येऊन पॅटर्नो यांना पदावरून दूर व्हावे लागले. लॉक यांचा त्यात काही दोष नव्हता. तरीही दुसऱ्याच्या पुण्याईवर उभारलेला लौकिक किती कच्च्या पायावर असतो, हे त्यातून दिसले. आपल्याकडेही कोणी एखाद्या संताचे वा लोकप्रिय धर्मगुरूंचे छायाचित्र पुढे करून आपला कवितासंग्रह खपवू पाहतो, तेव्हा तो हेच हस्तांतर करीत असतो. भक्ती संताच्या वाट्याची असते, विक्री कवीची होते आणि कविता मात्र कोणी तपासत नाही.

यापेक्षाही मोठा दोष पुस्तकात जे नाही त्यात आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पैसे घेऊन अभिप्राय लिहून देणाऱ्या एका धंद्याची हकीकत छापली. तेथे एका अभिप्रायाचा दर नव्व्याण्णव डॉलर होता, घाऊक खरेदीला सवलत होती. लॉक यांनी तेथून तीनशे अभिप्राय विकत घेतले होते. पुस्तक न आवडल्यास तसे लिहिण्याची मुभा आपण दिली होती, असे त्यांचे म्हणणे होते. ते ग्राह्य धरले तरी मूळ प्रश्न सुटत नाही. यशाचे सारे मार्ग सांगण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या पुस्तकात या मार्गाचा उल्लेखच नाही. उपदेशपर ग्रंथाकडून आम्ही अलंकारांची अपेक्षा करीत नाही, पण हिशेबाच्या वहीतले पानच गाळले असेल, तर त्या ग्रंथावर विश्वास कसा ठेवावा?

थोरांनीही हे केलेच आहे, असे कोणी म्हणेल. वॉल्ट व्हिटमन यांनी १८५५ साली ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ पदरमोड करून छापले आणि निनावी राहून स्वतःच त्याची स्तुतिपर परीक्षणे लिहिली. इमर्सन यांनी खाजगी पत्रात केलेली प्रशंसा, त्यांची परवानगी न घेता, १८५६ च्या आवृत्तीच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत उमटवली. हे खरे आहे. परंतु तो संग्रह टिकला तो त्या परीक्षणांमुळे नव्हे. ती आज अभ्यासकांच्या कुतूहलापुरती उरली आहेत. संग्रह मात्र वाचला जातो.

आमच्यापुढचा प्रश्न अमेरिकेचा नाही, घरचा आहे. आपल्यातले कोणी अभिप्राय विकत घेत नसेल. आपल्याला ते फुकटच मिळतात. पुस्तकाची पहिली घडी मोडण्यापूर्वीच गटावर ‘अप्रतिम’, ‘काळजाला भिडले’ अशा प्रतिक्रियांची रांग लागते. चुलतभाऊ पाच तारे देतो, मावशी हात जोडल्याचे चिन्ह पाठवते. लेखकाच्या निकटच्या आप्तांनी अभिप्राय नोंदवू नये, असा खुद्द अ‍ॅमेझॉनचा नियम आहे, हे बहुतेकांच्या गावीही नसते. खोटे अभिप्राय विकणाऱ्यांविरुद्ध त्या कंपनीने २०१५ साली न्यायालयात धाव घेतली. व्यापाऱ्याला जे उमगले, ते आठवी आज्ञा लहानपणी पाठ करणाऱ्या आपल्याला उमगू नये काय? न वाचलेल्या पुस्तकाची स्तुती ही खोटी साक्षच होय, मग तिच्यामागे कितीही माया असो.

या मायेची किंमत कोण देतो? वसईच्या सामवेदी बोलीतले शब्द आणि लग्नगीते कोणी वर्षानुवर्षे घरोघर फिरून टिपतो. दुसरा कोणी एका रात्रीत जुळवलेल्या यमकांचा संग्रह काढतो. दोघांनाही तेच ‘अप्रतिम’ मिळते. पहिल्याच्या कष्टांची कोणी दखल घेतली असे होत नाही आणि दुसऱ्याला सुधारण्याची संधी लाभत नाही. दोन्ही पुस्तके पुन्हा पलंगाखालीच जातात. टीकेचा अभाव हा लेखकावरचा उपकार नव्हे.

याउलट एक उदाहरण आपल्याच वारशात आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण गोव्यात १६१६ साली छापले गेले. १६४९ व १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ जगला, कारण श्रद्धावंतांनी तो हाताने उतरवून काढला, घरोघरी म्हटला, ऐकवला. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे त्याची नवी आवृत्ती सिद्ध केली. हजारो ओव्या उतरवून काढणारा माणूस त्या वाचल्यावाचून राहू शकत नाही. त्याची प्रत हीच त्याची साक्ष होती. आजचा ‘फॉरवर्ड’ अंगठ्याच्या एका स्पर्शाने होतो आणि त्यासाठी वाचावे लागत नाही, एवढाच काय तो भेद. पण तो लहान नाही.

नवी साधने वर्ज्य करावीत, असे आमचे मत नाही. दिवा मापाखाली झाकून ठेवण्यात नम्रता नसते. लेखकाने आपले एक प्रकरण खुशाल सर्वांना वाचावयास द्यावे, किंमत आणि मिळण्याचे ठिकाण स्पष्ट सांगावे, दूरदेशी गेलेल्या आपल्या मुलांपर्यंत ई-पुस्तक पोचवावे. ‘अभिप्राय द्या’ असे म्हणण्याऐवजी ‘वाचून, काय खटकले तेही लिहा’ असे म्हणावे. वाचकानेही प्रत विकत घ्यावी, सवड काढून वाचावी आणि दोनच वाक्ये लिहावीत, पण ती त्या पुस्तकाविषयीच असावीत. कोणत्याही पुस्तकाला चालेल असे कौतुक कोणत्याच पुस्तकाच्या कामाचे नसते. लॉक यांच्या दहा लाखांपुढे अशा पंचवीस वाचकांची संख्या क्षुल्लक भासेल. आपल्या समाजातील लेखनाला आज गरज आहे ती याच पंचविसांची.