वन्समोअर कीं नवें पद?

संगीत नाटकाच्या प्रेक्षकवर्गांत ‘वन्समोअर’ देण्याची जी चाल होती, तिच्यांत रसिकता आणि हट्ट हीं दोन्ही एकत्र नांदत असत. आवडलेलें पद पुन्हा ऐकावेंसें वाटणें ही दाद. परंतु तेंच पद, त्याच ताना घेऊन, पुन्हा झाल्यावांचून नाटक पुढें सरकूं द्यावयाचें नाहीं, हा हट्ट. दाद कलावंताला उभारी देते. हट्ट त्याला जागच्या जागीं खिळवून ठेवतो. एखाद्या जुन्या, नांवाजलेल्या रॉक बँडच्या पुढील आल्बमची वाट पाहणाऱ्या चाहत्यांच्या मनांत या दोहोंपैकीं अधिक काय असतें, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढें मांडूं इच्छितों. उदाहरणादाखल आम्ही इंग्लंडमधील ‘द क्यूअर’ हा बँड घेत आहों. रॉक संगीत म्हणजे निव्वळ कोलाहल असें मानणारे सद्गृहस्थ आमच्या वाचकांत असतील; त्यांनींही थोडा धीर धरावा. कारण प्रश्न वाद्यांचा नसून, कलावंत आणि रसिक यांच्या परस्परसंबंधाचा आहे.

ससेक्स परगण्यांतील क्रॉली या गांवच्या शाळकरी मित्रांतून निघालेल्या या बँडचा पहिला आल्बम १९७९ सालीं प्रसिद्ध झाला. गायक, गिटारवादक आणि बहुतेक गीतांचे कर्ते रॉबर्ट स्मिथ त्या वेळीं नुकते वीस वर्षांचे झाले होते. बँडमधील माणसें आलीं, गेलीं, कांहीं परतलीं. पहिल्यापासून अखंड राहिले ते एकटे स्मिथ. १९७९ ते १९९२ या तेरा वर्षांत त्यांनीं नऊ आल्बम दिले. पुढें गति मंदावली. १९९६, २०००, २००४ आणि २००८ असे चार चार वर्षांच्या अंतरानें चार आल्बम आले. आणि नंतर सोळा वर्षें एकही नाहीं. चौदावा आल्बम ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’, म्हणजे हरवलेल्या जगाचीं गीतें, १ नोव्हेंबर २०२४ रोजीं बाहेर पडला आणि ब्रिटनमधील खपाच्या यादींत थेट पहिल्या क्रमांकावर गेला.

या सोळा वर्षांत चाहत्यांना आशा लावण्यांत आली नव्हती असें नाहीं; उलट ती वारंवार लावण्यांत आली. २००८ चा आल्बम मूळ दुहेरी व्हावयाचा होता. त्यांतून उरलेलीं गाणीं स्वतंत्रपणें निघणार, असें २०१४ सालीं जाहीर झालें. तीं निघालीं नाहींत. २०१९ सालीं वेल्समधील रॉकफील्ड येथें ध्वनिमुद्रण झालें, आणि आल्बम त्याच वर्षीं येईल असें खुद्द स्मिथ बोलले; तें वर्ष कोरडें गेलें. २०२२ च्या ऑक्टोबरांत रिगा शहरापासून सुरू झालेल्या दौऱ्यांत नवीं गाणीं रंगमंचावर ऐकूं येऊं लागलीं; तरी आल्बम हातीं पडण्यास आणखी दोन वर्षें लागलीं. इतके वायदे मोडूनही श्रोते पांगले नाहींत, याचें कारण आमच्या मतें एवढेंच कीं, इतर बाबतींत त्यांची फसवणूक होत नव्हती. मैफल अडीच-पावणेतीन तास चालली पाहिजे हा या बँडचा शिरस्ता. २०२३ सालीं अमेरिकेंत तिकिटांवर भरमसाट अधिभार लावला जात आहे असें दिसतांच स्मिथ यांनीं तिकीट विकणाऱ्या कंपनीशीं उघड भांडण मांडलें आणि श्रोत्यांना त्यांतील कांहीं रक्कम परत मिळवून दिली. वायदा चुकविणारा परंतु व्यवहारांत चोख असा हा गवई लोकांनीं सांभाळून घेतला.

आतां पुढला अंक. आणखी एक आल्बम बराचसा तयार आहे, असें स्मिथ यांनीं २०२४ सालीं सांगितलें; आणि त्याच सुमारास असेंही सांगितलें कीं, २०२९ सालीं आपल्याला सत्तर वर्षें पूर्ण होतील, पहिल्या आल्बमलाही पन्नास होतील, आणि तेथवर पोंचल्यास तेथें थांबावयाचें. आशेला अशी मुदत लागली म्हणजे तिचें रूप पालटतें. ‘पुढला आल्बम’ हा शब्द उच्चारतांना ‘कदाचित् शेवटला’ हा दुसरा शब्द चाहत्याच्या मनांत आपोआप उमटतो. मग त्या एका आल्बमानें सर्व कांहीं करावें अशी अपेक्षा होते: तो लवकर यावा, तो अखेरचा ठरण्याच्या योग्यतेचा असावा, आणि मुख्य म्हणजे तो ‘डिसइंटिग्रेशन’ सारखा असावा.

या तिसऱ्या मागणीचा विचार आधीं करणें अवश्य आहे, कारण बाकीच्या मागण्या तिच्या पोटांत आहेत. ‘डिसइंटिग्रेशन’, म्हणजे विघटन, हा १९८९ च्या मे महिन्यांतील आल्बम. लांबच लांब गीतें, स्वरांचे एकावर एक चढलेले थर, आणि त्यांतून दुरून आल्यासारखा वाटणारा कंठ, हें त्याचें बाह्य रूप. हें रूप पुन्हा उभें करणें अवघड नाहीं. तीं वाद्यें आजही मिळतात आणि तो नाद कसा काढावा हें स्मिथ यांच्याइतकें कोणासही ठाऊक नाहीं. परंतु त्या आल्बमचा गाभा कोणता होता? स्मिथ तेव्हां तिशींत पाऊल टाकीत होते. तारुण्य संपत आलें आणि मनाजोगें मोठें काम हातून झालेलें नाहीं, या धास्तीनें त्यांना ग्रासलें होतें. त्या धास्तीचें तें गाणें आहे. त्याच्या दोनच वर्षें आधीं, १९८७ सालीं, ‘जस्ट लाइक हेवन’ सारख्या प्रसन्न, चटकन् ओठांवर बसणाऱ्या गीतानें त्यांना अमेरिकेंत लोकप्रियता मिळवून दिली होती. त्या वेळच्या श्रोत्यांनीं वन्समोअर दिला असता तर तो त्या गीताला दिला असता. आणि स्मिथ यांनीं तो घेतला असता, तर आज ज्याचा जप चालतो तो आल्बम जन्मासच आला नसता. सारांश, ‘डिसइंटिग्रेशन’ची खरी पुनरावृत्ति करावयाची तर तिशीचें गाणें पुन्हा गाऊन ती होणार नाहीं, आपल्या चालू वयाविषयीं तितकेंच निर्भीडपणें गाऊन मात्र होईल.

२०२४ च्या आल्बमचें मोल आम्हांस याच ठिकाणीं दिसतें. आठच गीतें, पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ. पहिलें गीत ‘अलोन’. अर्नेस्ट डाउसन या एकोणिसाव्या शतकांतील अल्पायुषी इंग्रज कवीच्या एका कवितेवरून तें सुचलें. त्याचा जवळजवळ निम्मा भाग नुसत्या वादनांत जातो आणि तोंवर कंठ उमटत नाहीं. ‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’ हें स्मिथ यांनीं आपल्या दिवंगत वडील बंधूंसाठीं रचलेलें गीत. त्यांत शोकाचें प्रदर्शन नाहीं, पियानोवर तेच थोडके स्वर पुनः पुन्हा वाजतात, आणि त्या परतून येण्यांतच दुःखाचा सारा आशय येतो. शेवटचें ‘एंडसाँग’ दहा मिनिटांहून मोठें आहे. लहानपणीं माणूस चंद्रावर उतरल्याची वार्ता ऐकलेला मुलगा पन्नास वर्षांनंतर त्याच चंद्राखालीं उभा राहून गेलेल्या काळाचा हिशेब मांडतो, असा त्याचा भाव. हें साठी ओलांडलेल्या माणसाचें संगीत आहे, आणि तें वय लपविण्याची धडपड त्यांत कोठेंही नाहीं. सोळा वर्षांचा विलंब म्हणूनच आम्हांस निष्फळ वाटत नाहीं. ज्या मरणांनीं हीं गीतें लिहविलीं, तीं आधींच्या वायद्यांच्या वेळीं सगळीं घडलेलीं नव्हतीं.

उलट बाजूचें उदाहरण हवें असेल तर रोलिंग स्टोन्स यांचें घ्यावें. त्यांनीं २००५ नंतर अठरा वर्षांनीं, म्हणजे २०२३ सालीं, स्वतःच्या नव्या गीतांचा ‘हॅकनी डायमंड्स’ हा आल्बम दिला. मिक जॅगर त्या वेळीं ऐंशी वर्षांचे होते. ड्रम्स वाजविणारे चार्ली वॉट्स २०२१ सालीं निवर्तले होते आणि दोन गीतांपुरतेंच त्यांचें वादन त्यांत उरलें आहे. आल्बममधील जोम थक्क करणारा आहे. परंतु ‘तुम्ही मुळींच बदललां नाहीं’ हें कौतुक ऐकण्यासाठींच बरीचशी गीतें रचलीं आहेत, असें आम्हांस वाटल्यावांचून राहिलें नाहीं. तेथें श्रोत्यांचा वन्समोअर घेतला गेला. ‘द क्यूअर’नें नवें पद म्हटलें.

तथापि स्मिथ यांच्या आल्बमांत उणें नाहीं असें म्हणणें हा भक्तिभाव होईल, टीका होणार नाहीं. पहिली गोष्ट, नादाचे थर कांहीं ठिकाणीं इतके दाट झाले आहेत कीं, सायमन गॅलप यांचें बेसवादन, जें या बँडचा कणाच आहे, तें त्यांत बुडून जातें. दुसरी गोष्ट, आठही गीतें जवळजवळ एकाच छायेंत उभीं आहेत. ज्या स्मिथ यांनीं खिन्न गीतें लिहिलीं त्यांनींच १९८३ चें ‘द लव्हकॅट्स’ हें खट्याळ गीतही लिहिलें. खिन्नता आणि खोडकरपणा हीं त्यांच्या प्रतिभेचीं दोन अंगें आहेत आणि दुसरें अंग येथें झांकलेलें राहिलें. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या आल्बममधील सर्व रचना एकट्या स्मिथ यांची आहे. १९८५ नंतर असें प्रथमच घडलें. ‘डिसइंटिग्रेशन’च्या रचनेचें श्रेय मात्र त्या वेळच्या साऱ्या बँडला दिलेलें आहे. तेव्हां त्या आल्बमांतील कांहीं परत मागावयाचेंच असेल, तर चाहत्यांनीं त्याचा नाद मागूं नये. अनेकांनीं मिळून गाणें घडविण्याची ती रीत मागावी. एकट्याच्या शोकाला एकट्याची लेखणी शोभली. पुढील आल्बमांत इतरांचे हात लागले तर छायाही बदलतील आणि बुडालेला बेस वर येईल.

राहिली ‘लवकर’ ही मागणी. तिच्यामागील व्याकुळता आम्हांस समजते. पंधराव्या वर्षीं ऐकलेला आवाज पन्नाशींत पुन्हा नवें कांहीं सांगूं लागला म्हणजे ऐकणाऱ्याला स्वतःचें आयुष्य सलग असल्याचा दिलासा मिळतो. असे दिलासे फार थोडे असतात, आणि ते बंद पडणार या भीतीला हंसणें हें हृदयशून्यतेचें लक्षण होय. परंतु २०२९ ही मुदत कलावंतानें स्वतःवर घातलेली आहे. ती त्याच्यावर उगारण्याचा अधिकार श्रोत्याला नाहीं. घाईनें पुरा केलेला आल्बम चाहत्यांच्या कपाटांत कायमचा राहील आणि घाई कां केली हें मात्र पुढें कोणाच्याही स्मरणांत राहणार नाहीं. अपुरा असेल तर तो न येणेंही आम्ही पत्करूं. चौदाव्या आल्बमावर गायन थांबलें तरी तो थांबा लाजिरवाणा नाहीं.

चाहत्यांची आशा आम्ही खोटी मानीत नाहीं. सोळा वर्षें ती तेवत राहिली म्हणूनच रंगमंच उभा राहिला, अपुरीं गाणीं श्रोत्यांसमोर घासून पुसून पुरीं झालीं आणि आल्बम निघाला. आमचें म्हणणें एवढेंच कीं, या आशेनें आपला विषय नीट ओळखावा. आपलें सरलेलें तारुण्य परत आणून देणें हें कोणत्याही गवयाच्या हातीं नाहीं, आणि तें त्याच्याकडे मागणें हा त्याच्यावर अन्याय आहे. आपल्याबरोबर म्हातारा होत असलेला माणूस आज काय पाहतो, तें त्यानें खरेंखुरें सांगावें, एवढेंच त्याच्याकडे मागावें. ही मागणी दिसण्यांत लहान आहे. पण वन्समोअर घेण्यास सराव पुरतो, हिला मात्र धैर्य लागतें. आणि तें धैर्य स्मिथ यांनीं पासष्टाव्या वर्षीं एकदां दाखविलें आहे.