गल यांच्या निबंधातील दोन चित्रे

‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे रोगनाम रूढ झाले ते सर विल्यम गल यांच्या निबंधामुळे. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीपुढे १८७३ मध्ये वाचलेला हा निबंध १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. या कृशतेचे मूळ क्षयात वा जठराच्या विकारात नसून मनाच्या अवस्थेत आहे, असे त्यात प्रतिपादिले आहे. त्याचे हे महत्त्व वादातीत आहे. वाद संभवतो तो रोगमुक्तीच्या पुराव्याविषयी.

‘मिस ए’ ही रुग्णा जानेवारी १८६६ मध्ये गल यांच्याकडे आली, तेव्हा ती १७ वर्षांची होती व तिचे वजन ८२ पौंड होते. मार्च १८६८ पर्यंत ते १२८ पौंड झाले. छायाचित्रांवरून कोरलेली तिची दोन चित्रे निबंधात आहेत: एक आजारातील, दुसरे बरे झाल्यानंतरचे. वाचकाने ती शेजारी ठेवून पाहावीत आणि रोग हटला असे मानावे, अशी ही योजना आहे. परंतु ही दृष्टी पाहणाऱ्याची आहे. मुलीला स्वतःचा देह कसा दिसत होता, आणि ४६ पौंडांची भर तिला आपली वाटली की परकी, याविषयी निबंध मौन पाळतो. १८७३ मध्येच पॅरिसच्या लासेग यांनी रुग्णेच्या आत्मसंतुष्ट वृत्तीची नोंद केली होती. तेव्हा ही बाजू त्या काळी अगदीच अगोचर होती, असे म्हणता येत नाही.

हिल्ड ब्रुख यांनी १९६२ मध्ये देहप्रतिमेच्या विकृतीला या रोगाच्या लक्षणांत अग्रस्थान दिले. वजन अनेक कारणांनी वाढेल; पण देहप्रतिमा सुधारल्यावाचून रोगमुक्ती टिकणार नाही, हे त्यांचे प्रतिपादन गल यांच्या दुसऱ्या चित्राची मर्यादा दाखवते.

तथापि ब्रुख यांची कल्पना ‘मिस ए’वर लादणेही युक्त नव्हे. लठ्ठपणाची भीती न सांगणारे रुग्ण सिंग ली यांना हाँगकाँगमध्ये आढळले. म्हणून गल यांच्या मौनावरून त्या मुलीला ती भीती होती असे ठरत नाही, आणि नव्हती असेही ठरत नाही.

उपासमारीने विचारशक्तीच क्षीण होते. वजन भरून येणे ही उपचाराची पहिली अट आहेच. मात्र तिलाच अखेर मानले, तर सडपातळ देहाचा ध्यास मनात शिल्लक असलेली रुग्णाही बरी ठरते. यासाठी वजनाच्या नोंदीशेजारी रुग्णेचे स्वतःचे निवेदन असणे अगत्याचे आहे.