‘झुंड’मधील भिंत : वस्ती, गुन्हेगारी आणि महाविद्यालय यांच्या संबंधांची एक चिकित्सा

प्रस्तावना

नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘झुंड’ हा हिंदी चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. त्यावर झालेले लेखन प्रामुख्याने अमिताभ बच्चन यांची भूमिका, आंबेडकर जयंतीचे दृश्य आणि ‘फँड्री’, ‘सैराट’ या पूर्वीच्या कलाकृतींशी तुलना याच मुद्द्यांभोवती फिरत राहिले. हे मुद्दे महत्त्वाचे आहेतच. तथापि या चित्रपटाच्या केंद्रस्थानी असलेला एक प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. शहरातील उपेक्षित वस्तीत गुन्हेगारी वाढते तेव्हा ती कोण रोखते आणि कोणत्या मार्गाने, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात ‘झुंड’ची चिकित्सा या प्रश्नाच्या आधारे केली असून, नागपूरच्याच एका वास्तव घटनेवर बेतलेल्या ‘२०० हल्ला हो’ (२०२१) या चित्रपटाचा तुलनेसाठी उपयोग केला आहे.

विषय नागपूरचा असला तरी तो आपल्यापासून दूर नाही. आर्णीसारख्या तालुक्याच्या गावातून शिक्षणासाठी, रोजगारासाठी नागपूरला जाणारे अनेक तरुण अशाच वस्त्यांच्या आसपास खोली घेऊन राहतात. शिवाय ‘झुंड’चा नायक महाविद्यालयीन शिक्षक आहे. त्यामुळे हा चित्रपट आपल्या व्यवसायाविषयीही काही म्हणतो आणि ते ऐकून घेणे आपले कर्तव्य ठरते.

कथासूत्र आणि त्यामागील वास्तव

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक असलेले विजय बारसे यांनी २००१ मध्ये पावसात तुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतील मुले पाहिली आणि त्यांच्या हाती चेंडू दिला. यातूनच ‘स्लम सॉकर’ हा उपक्रम उभा राहिला. बेघर व वंचित खेळाडूंसाठी भरणाऱ्या ‘होमलेस वर्ल्ड कप’ स्पर्धेपर्यंत या उपक्रमातील खेळाडू पोचले आणि २०१६ मध्ये ‘फिफा’च्या विविधता पुरस्काराने त्याचा गौरव झाला. चित्रपटातील विजय बोराडे हे पात्र बारसे यांच्यावर बेतलेले आहे.

चित्रपटात महाविद्यालय आणि झोपडपट्टी यांच्यामध्ये एक भिंत आहे व ती ओलांडण्यास सक्त मनाई आहे. भिंतीपलीकडची मुले साखळ्या ओढतात, चोऱ्या करतात, नशा करतात. बोराडे त्यांना उपदेश करीत नाहीत. ते मुलांना खेळण्याचे पैसे देतात. काही दिवसांनी ते पैसे देणे थांबवतात, पण मुले मात्र खेळायची थांबत नाहीत. गुन्हेगारी प्रतिबंधाचा संपूर्ण सिद्धान्त मंजुळे यांनी या एका प्रसंगात मांडला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ज्या मुलाचा वेळ कोणालाच मोलाचा वाटत नाही, त्याच्या वेळेची किंमत प्रथम कोणीतरी मोजावी लागते. ती मोजली गेली की पुढे तो स्वतःच ती राखू लागतो.

प्रतिबंधाच्या दोन कल्पना

गुन्हेगारी प्रतिबंधाविषयीच्या समाजशास्त्रीय विचारात दोन प्रवाह ठळकपणे दिसतात. जेम्स विल्सन व जॉर्ज केलिंग यांनी १९८२ मध्ये ‘तुटलेल्या खिडक्यां’चा विचार मांडला. परिसरातील लहानसहान बेशिस्तीकडे दुर्लक्ष झाले की मोठ्या गुन्ह्यांना वाव मिळतो, असे त्याचे सार आहे. या विचाराचा वापर पुढे बऱ्याच ठिकाणी किरकोळ बेशिस्तीवर कठोर पोलिसी कारवाई करण्यासाठी झाला. दुसरीकडे रॉबर्ट सॅम्पसन, स्टीफन रॉडेनबुश व फेल्टन अर्ल्स यांनी शिकागोच्या ३४३ परिसरांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. रहिवाशांचा परस्परांवर विश्वास असेल आणि सर्वांच्या भल्यासाठी मध्ये पडण्याची त्यांची तयारी असेल, तर हिंसेचे प्रमाण कमी आढळते, असा त्यांचा निष्कर्ष होता. या गुणाला त्यांनी दिलेल्या नावाचे मराठीत ‘सामूहिक परिणामकारकता’ असे भाषांतर करता येईल.

महाराष्ट्राला ही दुसरी कल्पना नवी नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात राबविण्यात आलेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम गावातील तंटे गावातच सामोपचाराने मिटावेत याच भूमिकेवर उभी होती. परंतु तिचा घटक गाव हा होता. शहरातील झोपडपट्टीला ना वेस असते, ना ग्रामसभा. बाहेरचे लोक तिला एकच ओळख देतात आणि ती चित्रपटाच्या शीर्षकात आली आहे.

‘झुंड’ हा शब्द जनावरांच्या कळपासाठी वापरला जातो. चित्रपटात बोराडे या शब्दाला हरकत घेतात आणि त्याऐवजी संघ म्हणावे असे सुचवतात. हा केवळ शब्दबदल नव्हे. झुंडीतला प्रत्येक जण अनामिक असतो, तर संघातल्या प्रत्येकाला नाव आणि जागा असते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या देशातील कित्येक समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण माणसाला त्याच्या कृत्यावरून न ओळखता समूहावरून ओळखण्याची सवय मात्र गेली नाही. मंजुळे यांचा रोख या सवयीवर आहे.

म्हणूनच पारपत्राचे प्रसंग कथेत महत्त्वाचे ठरतात. रिंकू राजगुरू यांनी साकारलेली आदिवासी मुलगी मोनिका खेळात कमी पडत नाही. ती अडते ती कागदपत्रांपाशी. आपण आपणच आहोत हे सिद्ध करण्यासाठी बाप-लेकीला जी वणवण करावी लागते, ती पाहताना आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही प्राध्यापकाला प्रवेशाच्या दिवसांतील जातीच्या दाखल्यांची, रहिवासी प्रमाणपत्रांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. ज्यांची नोंद नाही त्यांच्याकडून नागरिकत्वाच्या जबाबदारीची अपेक्षा करणे हा या व्यवस्थेतील अंतर्विरोध आहे.

दोन चित्रपट, दोन न्यायालये

१३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात कस्तुरबानगर वस्तीतील जमावाने अक्कू यादव या गुंडाची हत्या केली. या जमावात स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. अनेक वर्षे या माणसाने वस्तीत दहशत माजविली होती आणि तक्रारी करूनही पोलिसांनी दाद दिली नाही, असा रहिवाशांचा आरोप होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये या खटल्यातील आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता झाली. सार्थक दासगुप्ता दिग्दर्शित ‘२०० हल्ला हो’ या चित्रपटाला या घटनेचा आधार आहे. त्यात अमोल पालेकर यांनी निवृत्त दलित न्यायाधीशाची भूमिका केली असून, येथेही रिंकू राजगुरू प्रमुख भूमिकेत आहेत.

दोन्ही चित्रपट एकत्र ठेवून पाहिले असता एक साम्य लक्षात येते. दोहोंतही निर्णायक क्षणी वस्ती न्यायालयात येते. ‘झुंड’मधील अंकुश ऊर्फ डॉन याच्यावर गुन्हा दाखल असल्याने त्याचा परदेशप्रवास अडतो. तेव्हा बोराडे न्यायालयात उभे राहतात आणि भिंतीपलीकडच्या जगाची कैफियत मांडतात. न्यायाधीश ऐकतात आणि मुलाला संधी मिळते. ‘२०० हल्ला हो’मध्ये मात्र स्त्रियांची कैफियत ऐकणारे वेळेवर कोणीच नाही. निवृत्त न्यायाधीश येतात, पण ते हत्या होऊन गेल्यानंतर. पहिल्या न्यायालयात झुंडीचा संघ होतो, तर दुसऱ्या न्यायालयात नागरिकांची झुंड होते. या दोन परिणतींमधील अंतर वस्तीच्या स्वभावातून निर्माण होत नाही. वस्तीच्या बाजूने बोलणारा प्रतिष्ठित माणूस वेळेत उपलब्ध होता की नाही, यावर ते ठरते.

कस्तुरबानगरच्या घटनेला काहींनी स्त्रीशक्तीचा उद्रेक म्हटले, तर काहींनी झुंडशाही म्हटले. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही वर्णने अपुरी आहेत. त्या स्त्रियांकडे ‘सामूहिक परिणामकारकता’ होती, पण तिचे सहकार्य स्वीकारणारी संस्था समोर नव्हती. समुदायाच्या पुढाकाराचे कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात घ्यावयास हवे की, ज्या पुढाकाराला संस्थेची साथ नसते त्याची अखेर रक्तपातात होऊ शकते. त्याचे समर्थन करता येत नाही; परंतु त्याचा दोष केवळ जमावाच्या माथी मारून संस्थांना मोकळे होता येत नाही.

‘झुंड’च्या मर्यादा

‘झुंड’ याच ठिकाणी कमी पडतो. एक तर कर्तृत्वाचा भार एकट्या बोराड्यांवर येतो. मुलांचा अभिनय इतका जिवंत असूनही निर्णय घेणारा, बोलणारा, दरवाजे उघडणारा एकच माणूस राहतो आणि तो भिंतीच्या अलीकडचा आहे. वस्तीतील आया, शेजारी, कामगार यांचे शहाणपण कथेला पुढे नेत नाही.

दुसरे असे की, चित्रपटाची सुटका निघून जाण्यात आहे. विमानतळावरील तपासणीत डॉनला खिशातले कटर टाकून द्यावे लागते, तो प्रसंग हिंदी चित्रपटांतील संस्मरणीय प्रसंगांपैकी एक आहे. त्यानंतर विमान वस्तीवरून, भिंतीवरून उडते. परंतु भिंत तशीच राहते. संभ्या मागे राहतो. त्याच्यासारख्यांचे काय, याचे उत्तर चित्रपट देत नाही. परिसराचे पुनरुज्जीवन आणि परिसरातून काही गुणवंतांची सुटका या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी घडली म्हणजे पहिली घडली असे मानता येत नाही. अर्थात, भिंत शेवटच्या चौकटीत उभी ठेवणे हा दिग्दर्शकाचा प्रामाणिकपणाही असू शकतो. ती पाडणे विमानाचे काम नव्हे, तिच्या मालकाचे आहे.

निष्कर्ष

त्या भिंतीची मालकी कोणाची? चित्रपटात ती महाविद्यालयाची आहे आणि येथे हा लेख समीक्षेच्या मर्यादेबाहेर पाऊल टाकतो, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. काही वर्षांपूर्वी मी ज्या महाविद्यालयात कार्यरत होतो, तेथे मैदानातून जा-ये करणाऱ्या, सायंकाळी तेथे क्रिकेट खेळणाऱ्या शेजारच्या वस्तीतील मुलांचा ‘उपद्रव’ थांबविण्यासाठी भिंतीची उंची वाढविण्याचा विषय समितीपुढे आला होता. नळाच्या तोट्या चोरीला गेल्या होत्या, ही गोष्ट खरी होती. त्या कोणी नेल्या हे मात्र कोणालाही माहीत नव्हते. ठराव एकमताने संमत झाला. त्यावर माझीही सही आहे. ‘झुंड’ पाहताना मी स्वतःला बोराड्यांच्या जागी पाहू शकलो नाही, त्याचे कारण ती सही आहे.

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. वस्तीतील गुन्हेगारी पहारा वाढवून हटत नाही. मैदान, कागदपत्रे आणि ऐकून घेणारा माणूस या तीन गोष्टी मिळाल्या तर वस्ती स्वतः ती हटवू लागते.

२. समुदायाच्या पुढाकाराला संस्थेची साथ वेळेवर मिळणे अत्यावश्यक आहे. ‘झुंड’ आणि ‘२०० हल्ला हो’ हे एकाच शहरातील या सत्याचे दोन पुरावे आहेत.

३. एका थोर शिक्षकाच्या चरित्रावर ही जबाबदारी सोपवून महाविद्यालयाला नामानिराळे राहता येणार नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर घेण्यासाठी आपण दूरच्या गावी जातो, ते योग्यच आहे. परंतु सायंकाळी सहानंतर आपल्या मैदानाचे फाटक कोणासाठी उघडे असते, हाही विस्तारकार्याचाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर देण्यास चित्रपटाची गरज नाही, एका ठरावाची आहे. जो हात भिंत उंच करण्याच्या ठरावावर सही करू शकतो, तो फाटक उघडण्याच्या ठरावावरही करू शकतो.